आजीचा खटका

१२ ऑक्टोबर २०२०. आठवतोय तो सोमवार? सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईचे लाइट गेले, लोकल जागच्या जागी थांबल्या. मी नुकतंच मास कॉम संपवून लालबागच्या चाळीत आजीच्या खोलीत 'फ्रीलान्सर' म्हणून बसले होते. (म्हणजे काय ते कळलं ना? बेकार!) समोर भावाचा जुना डेस्कटॉप, त्यावर पहिल्यावहिल्या पैसे मिळणाऱ्या कामाचे अकराशे शब्द. सेव्ह न केलेले. गेले!

मी रडकुंडीला. आजी तांदूळ निवडतेय. वैतागून मी पंख्याचं काळं जुनं बटण उगाच खाली-वर करत होते, तर म्हणाली, "गो, खटको तसोच ठेव. लायट इली काय पंखो आपसून फिरतलो."

दोन-अडीच तासांनी लाइट आले. पंखा फिरला. लेख काही आला नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते काम दुसऱ्याच कुणाला गेलं.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा. आपण 'चालू' होतो हे भिंतीवरच्या खटक्याला आठवलं, मग एवढ्या महागड्या कॉम्प्युटरला का नाही?

फंडा असा. कॉम्प्युटरची रॅम म्हणजे गळक्या बादल्यांची रांग. बादलीत विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. पण बादल्या जाम गळतात! म्हणून प्रत्येक बादली सेकंदाला साधारण पंधरा-सोळा वेळा तपासून पुन्हा भरायची. तुम्ही काही करा, नका करू, भरणं चालूच. वीज गेली की भरणारा गेला, आणि त्याच्यासोबत माझे अकराशे शब्द.

खटक्याचं तसं नाही. त्याला दोनच जागा माहीत, वर किंवा खाली. मधे तो थांबूच शकत नाही आणि जिथे आहे तिथे राहायला त्याला वीज लागत नाही. मुलींनो, केसांची टिकटॅक पिन आठवा. टक् केलं की उघडी, टक् केलं की बंद.

आता हीच पिन केसाच्या शंभर पटींहून बारीक करा. अमेरिकेत येल विद्यापीठात हाँग टँग यांच्या टीमनं २०११ मध्ये जवळपास हेच केलं. सिलिकॉनची एक इवलीशी पट्टी, किंचित बाक आलेली. बाक वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. आणि टक् करायला बोट नाही, तर लेझर! प्रकाश वस्तूला ढकलतो. आपल्याला जाणवत नाही इतकंच, पण एवढ्या हलक्या पट्टीला तो पुरतो. एका तरंगलांबीच्या लेझरनं पट्टी जोरात झुलवायची, किंचित वेगळ्या तरंगलांबीच्या लेझरनं शांत करून हव्या त्या बाजूला बसवायची. मग लेझर बंद केला तरी ती तिथेच. अगदी आजीचा खटका!

प्रकाशच कशाला, असं विचाराल. तर तुमच्या-आमच्या मेल आणि व्हिडिओ समुद्राखालच्या फायबरमधून प्रकाश म्हणूनच मुंबईत पोचतात. पण वाटेत कुठे वळायचं हे ठरवायला त्यांची वीज करायची आणि मग परत प्रकाश. या उलटापालटीत वीज जळते. गुगलनं आपल्या डेटा सेंटर्सच्या नेटवर्कमध्ये मधले इलेक्ट्रॉनिक स्विच काढून हलणाऱ्या छोट्या आरशांचे बसवले. आरसा कलला की प्रकाश दुसऱ्या फायबरमध्ये. रचना अशी बदलल्यावर नेटवर्कची वीज ४१ टक्क्यांनी घटली, असं त्यांनी २०२२ मध्ये सांगितलं. हे आरसे नॅनो नव्हेत, बरेच मोठे. पण जात तीच.

आणि हे सगळं सातासमुद्रापार नाही हं! लालबागहून बस पकडून कुलाब्याला, नेव्हीनगरच्या टोकाला जा. तिथे टीआयएफआरमध्ये मंदार देशमुख यांचा ग्रुप ग्राफिनचे, म्हणजे एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्याचे, ढोल बनवतो. २०१५ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी या ग्रुपनं दाखवलं की ढोलाच्या एका प्रकारच्या थरथरीतली ऊर्जा दुसऱ्या प्रकारच्या थरथरीत हवी तशी नेता येते. ही मेमरी नव्हे, स्विचही नव्हे. पण इतक्या बारीक वस्तूला आपल्या तालावर नाचवणं, हे आधी जमायला हवं ना? विसर्जनाच्या मिरवणुकीत वाढलेल्या मला हे जाम आवडलं.

लोचा आहेच. जे हलतं ते इलेक्ट्रॉनपेक्षा हळू. शिवाय नॅनो मापात दोन भाग टेकले की चिकटून बसतात, सुटता सुटत नाहीत. आजीचाही खटका पावसाळ्यात अडकायचा, ती लाटण्यानं ठोकायची. लॅबमध्ये लाटणं चालत नाही. त्यामुळे तुमच्या पुढच्या लॅपटॉपमध्ये हे शोधू नका.

आता चाळ पाडली आहे. आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर, टचवाला काचेचा स्विचबोर्ड, एकदम सॉलिड. परवा रात्री दोन मिनिटं लाइट गेले, आले. पंखा बंदच. आजीनं अंधारात बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्येका कायच आठवना नाय गो?"

मी उठून पंखा लावला.