वाकळीची मजुरी



जानेवारी उजाडला की आपल्या सीमाभागातल्या धर्मग्रामांत एक ठरलेला उत्साह येतो. महिला मंडळाची बैठक होते, यंदा काहीतरी हाताने करायचे ठरते, बेळगावहून फोमच्या शीट, चमकीचे कागद आणि गोंदाच्या कांड्या येतात. मग ‘टाकाऊतून टिकाऊ’चे प्रदर्शन भरते, आणि त्यातले टाकाऊ मात्र दुकानातून विकत आणलेले असते! उपवासकाळ लागेपर्यंत सगळे कपाटावर धूळ खात पडते. मुलांचे हात चालतात, त्याला आमची हरकत नाही. पण याला हस्तकला म्हणायचे आणि दाराशी असलेल्या खऱ्या कलेला ‘जुनेर शिवणे’ म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही.

आपल्या खानापूर तालुक्यातल्या रानवस्त्यांत, आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी समाज राहतो. मूळ आफ्रिकेतले हे लोक. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम होते आणि तिथून निसटून घाट चढून आले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि हल्याळच्या बाजूला आपले कॅथलिक बांधवही आहेत. त्यांच्या बायका जी शिवतात तिला आपण वाकळ म्हणतो, कानडीत कौदी, त्या म्हणतात कवंदी. जुन्या साडीचा तळ घेतात, घरच्या विरलेल्या कपड्यांचे तुकडे कडा दुमडून त्यावर लावतात आणि साध्या धावदोऱ्याने शिवत जातात. सुरुवात कडेला, मग चारी बाजूंनी फिरत फिरत आत, मध्यापर्यंत. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तिकोनी तुकड्यांची ‘फुलं’ लागल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर कधी क्रूसही दिसतो. नकाशा नाही, कागदावरचे माप नाही. 2004 साली हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन कला-अभ्यासकाच्या मदतीने या बायकांचा सहकारी गट उभा राहिला, आणि त्यांच्या कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत भिंतीवर लागल्या. लोक तिकडे त्यांच्यासमोर उभे राहून बघतात. इकडे मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात तिची किंमत विचारतात आणि म्हणतात, “बाई, चिंध्यांचे एवढे?”

तेव्हा हिशेबच करू. एक बाई घरचे आवरून रोज दुपारी तीन तास बसली आणि पंधरा दिवसांत वाकळ पुरी झाली असे धरा. पंचेचाळीस तास झाले. तिला आठशे रुपये दिले, तर तासाला अठरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. 2024-25 साली कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 349 रुपये होती. पंचेचाळीस तास म्हणजे पाच दिवसांहून जास्त काम. पाचच धरले तरी 1745 रुपये होतात. त्यात दोऱ्याचे पैसे नाहीत, डोळ्यांचे तर नाहीतच. मजुरांची अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते, असे याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे. ते फक्त शेतमालकांसाठी आहे असे समजून आपण पान उलटतो.

यावर एक उत्तर नेहमी येते, आणि देणारे लोक भले असतात म्हणून ते जास्त बोचते. चर्चसाठी केलेल्या कामाचे पैसे कसले, ती सेवा आहे. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात बायकांनी सूत कातून आणले, ते विकत घेतलेले नव्हते. खरे आहे. पण ज्यांच्या मनाने उचल घेतली त्यांनी ते आणले, असे तिथे म्हटले आहे. कुणी यादी करून घरोघरी वाटून दिले नव्हते. आणि 2 राजे, अध्याय 12 काढून बघा. मंदिराची दुरुस्ती झाली तेव्हा पेटीतले पैसे मोजून सुतारांना, गवंड्यांना दिले गेले. आजही चर्चचे छप्पर गळले की गवंड्याला कोणी सेवा करायला सांगत नाही. वेदीवरची चादर शिवायची वेळ आली की मात्र सेवा आठवते. शिवणाऱ्या बहुतेक बाया असतात, हेच त्याचे कारण.

शिलाई मशीन वाटपाचे तसेच. फीत कापली, फोटो निघाला, मशीन घरी गेले. त्यानंतर तिच्याकडे कापड कोण टाकणार, याचा विचार त्या समारंभात नसतो. पहिल्या मिस्सेचे पोशाख तयार आणतात, वेदीवरची चादर कुरिअरने येते. मग मुली शिवण शिकूनही गोव्याच्या गाडीत बसतात, घरकामाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये शिवण, विणकाम, छपाई शिकवली, आणि त्यांचे बायबल तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापले. शिकवलेले काम आपल्याच अंगणात लागेल, ही सोय त्यांनी आधी पाहिली.

यापोची टबीथा मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने केलेले अंगरखे रडत रडत दाखवले. तिच्या चांगुलपणाबद्दल बोलायला त्यांना शब्दांची गरज पडली नाही. कपडे हातात होते.

म्हणून यंदाच्या बैठकीत फोमच्या शीटचा खर्च मांडण्याआधी एवढे मांडावे. वेदीची चादर, पहिल्या मिस्सेचे पोशाख, बाप्तिस्म्याची झबली धर्मग्रामातल्याच बायकांकडून शिवून घ्यावीत आणि दर आधी ठरवून फलकावर लावावा. ज्या बाईला फुकट द्यायचे असेल तिने पैसे हातात घेऊन मग दानपेटीत टाकावेत, तो तिचा हक्क. आणि वाकळ सांगायची तर आताच सांगा. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की दुपारीही घरात अंधार असतो, सुई दिसत नाही.