फाटकावरचा पास आणि वहिवाटीचा हक्क

डोंगरात धरण, वीजप्रकल्प किंवा श्रीमंतांचे गिरिस्थान उभे करायचे ठरले की सर्वात आधी येतो तो रस्ता. रस्त्यामागून फाटक येते, फाटकामागून रखवालदार आणि नोंदवही. मग पलीकडच्या वाडीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या माणसाला एके दिवशी विचारले जाते, "कुठे चाललास? पास आहे का?" स्वतःच्याच घराकडे निघालेल्या माणसाने याचे काय उत्तर द्यायचे, हा आमचा सवाल आहे.

सुरुंग उडवताना रस्ता बंद ठेवावा लागतो, अरुंद घाटात डंपर उतरत असताना माणसांना थांबवावे लागते. याला आमचा विरोध नाही. दगडाखाली चिरडून मरण्याचा हक्क कोणी मागत नाही. पण सुरुंगाला वेळ असते, आधी भोंगा वाजतो आणि धोका टळला की रस्ता मोकळा होतो. चोवीस तास बंद असलेले फाटक सुरुंगासाठी नसते, मालकीची जाणीव करून देण्यासाठी असते.

रस्ता बंद करण्याची विद्या या देशाला नवी नाही. १९२४ साली वायकोमला मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला आणि १९२५ मध्ये तडजोड झाली तेव्हाही पूर्वेकडचा रस्ता बंदच राहिला. म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या बरोबरीने 'रस्ते' हा शब्द आला. मात्र हे कलम सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या रस्त्यांविषयी बोलते. कंपनीने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या जमिनीत केलेला रस्ता नेमका या शब्दांतून निसटतो. तिथे कोणी जात विचारत नाही, पास विचारतात. अडवला जाणारा माणूस मात्र बहुतेक वेळा तोच असतो.

पुणे जिल्ह्यातील लवासाचे उदाहरण पाहा. २००१ मध्ये शासनाने मुळशी-वेल्हे परिसरातील १८ गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून जाहीर केले आणि २००८ मध्ये खुद्द कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे रस्ता कुठून जाणार, बांधकाम कुठे होणार, हे ठरवणारा आणि बांधणारा एकच. हा दर्जा काढून घ्यायला २०१७ उजाडले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांच्या कर्जाचा हिशेब न्यायाधिकरणात होतो. पण धनको बदलले, मालक बदलले, तर आतल्या कातकरी वाडीच्या वाटेची हमी कोणाच्या कागदावर असते?

म्हणून कागदाचे बोलू. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम १५ प्रमाणे खासगी जमिनीतली वाट २० वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापरली असेल तर तो वापर हक्क ठरतो. यातले 'हक्क म्हणून' हे शब्द महत्त्वाचे. "कंपनीच्या परवानगीने प्रवेश" असे छापलेल्या पासवर आपण मुकाट्याने अंगठा उठवला, की उद्या तोच पास कोर्टात आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो: हे लोक हक्काने नव्हे, आमच्या मेहेरबानीने जात होते! सही करावीच लागली तर 'वहिवाटीचा हक्क अबाधित ठेवून' एवढे तरी वर लिहावे. अडवणूक माहीत असूनही वर्षभर निमूट सोसली, तर वहिवाट खंडित झाली असे धरले जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

शेताकडे किंवा चराईच्या जमिनीकडे जाणारी वाट अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. आमचे कार्यकर्ते मोर्चा काढतात, निवेदन देतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि तेवढ्यात मुदत सरून जाते.

आणखी एक. फाटकावरच्या पोराशी भांडू नये. ठेकेदाराच्या तुटपुंज्या पगारावर बारा तास उभा राहणारा तो बहुतेकदा शेजारच्याच गावचा असतो. भांडण त्याच्या हातात हुकूम देणाऱ्याशी आहे, आणि तो हुकूम तोंडी असतो. तेव्हा पहिली मागणी लेखी आदेशाची करावी: रस्ता कोणत्या वेळी, कोणत्या कारणाने, कोणाच्या अधिकारात बंद. तो मराठीत मोठ्या अक्षरांत फाटकावर लावावा. बाळंतीण, आजारी माणूस, शाळेची मुले, रेशन आणि प्रेतयात्रा यांना नोंदवही नको. सुरुंगाच्या वेळा ग्रामसभेला आधी कळाव्यात, आणि हे सारे तहसीलदाराच्या सहीने, पहिला डंपर घाट चढण्याच्या आधी व्हावे. काम सुरू झाल्यावर साहेब भेटत नाहीत.