खादीचा झेंडा आणि संचालक मंडळ

ना-नफा संस्थेच्या संचालकांना नफा वाटून घेता येत नाही. त्यांच्याकडे असते ती राखण. हुबळीच्या बेंगेरीत १९५७ साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ राष्ट्रध्वज तयार करतो. तिथे ही राखण कापडातच दिसते: प्रमाण ३:२, अशोकचक्रात २४ आरे, छटा मानकाबरहुकूम; चूक निघाली की झेंडा बाद. अशा संस्थेत मजुरी वेळेवर पोचवणे, हिशेब तपासून सभेपुढे ठेवणे ही कामे रुक्ष खरी, पण संचालकपद म्हणजे मुख्यतः तीच, हारतुरे नंतर. डिसेंबर २०२१मध्ये ध्वजसंहितेने यंत्रावरच्या पॉलिस्टर झेंड्यांनाही मुभा दिली. स्वस्त मालासमोर हातसूत आणि कातणाऱ्यांचा रोजगार कसा टिकवायचा, हा निर्णय व्यवस्थापकावर ढकलता येत नाही.