लंगोटातल्या मोहरा

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी 'तुंबाड' प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला बेताचेच प्रेक्षक आले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. मधल्या सहा वर्षांत अनेकांनी तो घरी बसून, मोबाइलवर पाहिला होता. शेवट पाठ होता, तरी लोक तिकीट काढून गेले. भयपटात दचकायची गंमत एकदाच असते. मग दुसऱ्यांदा जाण्यासारखं यात काय आहे?

पंकज कुमार यांनी टिपलेला तो चिंब, काळपट पाऊस मोठ्या पडद्यावरच पाहावा, हे खरंच. पण खरी पकड पावसाची नाही, नियमांची आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्यानं सोनं लाटलं. धान्यावर हात टाकला तेव्हा मात्र बाकीच्या देवांनी त्याला गाठलं. आईनं पोटात घेऊन वाचवलं, ते त्याची पूजा कधीच होणार नाही या अटीवर. म्हणजे लंगोटात मोहरा आणि पोटात कायमची भूक. चित्रपटाचा नायक विनायक दोराला धरून देवीच्या गर्भात उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली काढतो. हस्तर तिच्यावर तुटून पडला की लंगोटाला हिसका द्यायचा, सांडतील त्या मोहरा उचलायच्या आणि दोर गाठायचा. तलवार नाही, मंत्र नाही, घरातली कणीक. एका फेरीत फार तर ओंजळभर सोनं. ते उडवलं की पुन्हा पुण्यातल्या घरून तुंबाड गाव गाठायचं. राक्षसाशी गाठ आहे खरी, पण हिशेब एखाद्या फिरतीच्या नोकरीचा. पुढे वय झाल्यावर हा बाप पोराकडून त्याच चोरीची तालीम करून घेतो. मला सगळ्यात भीतिदायक वाटतं ते हे.

हस्तर आपल्या कुठल्याही पुराणात नाही. तरी तो लहानपणी ऐकलेला वाटतो, कारण त्याच्या कथेत आपल्या कहाण्यांचा कायदा आहे: अमुक करू नये, तमुकाचं नाव घेऊ नये, आणि कोणीतरी नेमकं तेच करतं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी बीज घेतलं भयकथाकार नारायण धारपांकडून आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. कादंबरीशी गोष्टीचा संबंध नाही. इतकं सगळं इथलं असून कोकणातल्या वाड्यात माणसं हिंदी बोलतात, हे मराठी कानाला खटकतं. स्वातंत्र्यानंतरचा भागही घाईत उरकल्यासारखा वाटतो, आणि बायका तर बहुतेक विनायकाच्या हावेच्या सावलीतच राहतात.

तरी दुसऱ्यांदा पाहताना नजर खिळते ती विनायकाच्या पोरावर, पांडुरंगावर. मोहरा वेचत कशाला बसायचं, अख्खा लंगोटच पळवू, ही कल्पना त्याचीच. त्यासाठी एक बाहुली पुरणार नाही, म्हणून ढीगभर करून नेतात. बाहुल्या जितक्या, हस्तर तितके, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्या दोघांना नसतं, आणि ते मोठ्या हौसेनं कणीक घेऊन खाली उतरत असतात.