ताप उतरला तरी या

निजामपुऱ्यातल्या एका डॉक्टर सभासदाचे पत्र आले आहे. यंत्रमागावरचा पोरगा, तापाचा तिसरा दिवस, कार्ड टेस्टवर एनएस-1 पॉझिटिव्ह. त्यांनी त्याच दिवशी आरोग्य विभागाला रीतसर कळवले. उत्तर आले, कार्ड ग्राह्य नाही, एलायझा करा. नियम चुकीचा नाही. कार्डावरचा डेंग्यू राष्ट्रीय कार्यक्रमात ‘संभाव्य’च धरतात. पण नमुना सेंटिनल केंद्रात जाणार, प्लेट भरण्याइतके नमुने साचेपर्यंत पडून राहणार, आणि अहवाल हाती येईस्तोवर रुग्ण मागावर तरी परतलेला किंवा गावाला तरी गेलेला. या प्रकरणात पथक आले ते अकराव्या दिवशी. खोलीला कुलूप दिसले, ‘रुग्ण आढळला नाही’ असा शेरा मारून निघून गेले. शेजारच्या खोलीतले उघडे पिंप कोणी पाहिलेसुद्धा नाही. नोंद एलायझावर करा, हवे तर महिनाभराने करा. पण अळ्या शोधायला कार्ड पुरेसे का नसावे, याचे उत्तर एकाही साहेबाकडे नाही.

पत्राची दुसरी बाजू मात्र आपल्याला झोंबणारी आहे. पाचव्या दिवशी ताप उतरला, तसा पोरगा रात्रपाळीला गेला. पाळी बुडाली की मजुरी बुडाली. मध्यरात्री पोटात कळा, उलट्यांवर उलट्या, पहाटे हातपाय गार. पल्स प्रेशर वीसच्या खाली. वेळेत भरती झाला म्हणून वाचला. सभासदाने प्रामाणिकपणे स्वतःची चिठ्ठीही सोबत जोडली आहे. तीवर लिहिले आहे, ‘ताप न उतरल्यास येणे.’

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या पॅडवर आहे. प्लाझ्मा गळतो तो ताप उतरतानाच, हे आपण परीक्षेत लिहिले आणि दवाखान्यात विसरलो. प्लेटलेटचा आकडा रोज बघतो, हिमॅटोक्रिट त्याच कागदावर छापलेले असते, ते वाचत नाही. वर काही मंडळी अजूनही डायक्लोफिनॅक टोचून ताप उतरवतात. रुग्ण खूश होतो आणि आजाराचा कोणता दिवस चालू आहे हेच कळेनासे होते. डेंग्यूची शंका असताना ही सुई देणाऱ्यांना आता समजावण्यात अर्थ नाही, शरम वाटावी एवढेच म्हणतो.

पावसाळा तोंडावर आहे. या आठवड्यात रबरी शिक्का करून घ्या: ‘ताप उतरला तरी दोन दिवस दाखवायला या. पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव, गुंगी, लघवी कमी – रात्री असले तरी थेट रुग्णालयात.’ हाच मजकूर हिंदी, उर्दू आणि तेलुगूतही दाराशी लावा. आपला निम्मा वेटिंग हॉल मराठी वाचत नाही.