सिडनीचा पंक्तिप्रपंच

सरकारी कोठारातले धान्य कमी पडले की भांडण धान्यावरून होते, असा आपला समज असतो. ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या इंग्रज वसाहतीचे दप्तर चाळले तर तो टिकत नाही. २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत अकरा गलबतांचा तांडा लागला. हजारावर माणसे उतरली, त्यांत बहुसंख्य कैदी. शेत नाही, बाजार नाही. जे काही पोटात जायचे ते गलबतांतून आणलेल्या पिंपांतूनच. गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी हिशेब सरळ ठेवला. पुरुष कैदी असो की पहाऱ्यावरचा आरमारी शिपाई, दोघांना आठवड्याचा शिधा एकच: सात पौंड पीठ किंवा पाव, सात पौंड खारवलेले गोमांस किंवा चार पौंड डुकराचे, तीन पाइंट वाटाणे, सहा औंस लोणी. बायकांना याच्या दोन तृतीयांश. बायकांचे पोट एक तृतीयांशाने लहान असते, हे मात्र सर्व पक्षांनी बिनविरोध मान्य केलेले दिसते.

वाद पेटला तो शिपायांच्या मानावरून. दुय्यम गव्हर्नर आणि शिपायांचे सेनापती मेजर रॉबर्ट रॉस यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बादशहाच्या शिपायाने चोराच्या पंगतीला बसायचे? त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी लंडनला तक्रार धाडली. कैद्यांहून शिपायाला जास्त मिळते ते काय, तर अर्धा पाइंट दारू. आणि तीही रिओची, इतकी घाण वासाची आणि चवीची की अट्टल पिणाराच ती तोंडाला लावू शकेल. आता, या दारूसाठी याच शिपायांनी इंग्लंड सोडण्यापूर्वी सरकारकडे अर्ज केला होता आणि सरकारने तीन वर्षांची सोयही लावून दिली होती. मिळाली म्हणून तक्रार थांबते थोडीच!

मेजरसाहेबांचा बाणा सगळीकडे हाच. आमचे लोक पहारा देतील, कैद्यांच्या कामावर मुकादमी करणार नाहीत, असे त्यांनी बजावले. चोऱ्या वाढल्या तेव्हा फिलिप यांनी १७८९ मध्ये बारा कैद्यांचीच रात्रीची गस्त नेमली. गस्त बऱ्यापैकी चालली होती, तोवर गस्तवाल्यांनी एका शिपायाला हटकले. पलटणीचा अपमान झाला म्हणून मेजर उसळले आणि शिपायांना सहसा अडवू नये, अशी दुरुस्ती गव्हर्नरांना करावी लागली. दर्जाचा एवढा कडक हिशेब ठेवणाऱ्या या गृहस्थांनी मधल्या काळात आपल्या दहा वर्षेही पुरी न झालेल्या मुलाला पलटणीत सेकंड लेफ्टनंट करून टाकले होते. वशिला हा शोध आपला नव्हे, एवढे समाधान मानावे.

चोराच्या पंगतीची गोष्ट निघालीच आहे, तर त्याच वर्षीच्या मार्चमधला प्रकार पाहण्यासारखा आहे. एके सकाळी कोठाराच्या कुलपात मोडलेल्या किल्लीचे टोक अडकलेले सापडले. ते एका कैदी लोहाराकडे नेले. त्याने ते तत्काळ ओळखले. किल्ली हंट नावाच्या शिपायाची होती. हंट माफीचा साक्षीदार झाला आणि सगळे बाहेर आले. सात शिपायांची टोळी होती. त्यांपैकी ज्याची पाळी कोठारावर असे तो इतरांना बनावट किल्लीने आत सोडी. कित्येक महिने हा उद्योग बिनबोभाट चालला. कुंपणच शेत खात होते, आणि कुंपणाची मागणी अशी की आपल्याला शेतापेक्षा वरचा मान हवा. सहा शिपाई फासावर गेले.

मग खरा दुष्काळ आला. रसद घेऊन निघालेले ‘गार्डियन’ डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आदळले. मार्च १७९० मध्ये फिलिप यांनी रॉस यांची रवानगी नॉरफोक बेटावर केली. इकडच्या कोठारावरची तोंडेही कमी होणार होती आणि मेजरसाहेबही. यांतले कोणते कारण मोठे ते सांगायला नको. पण त्यांना पोचवायला गेलेले ‘सिरियस’ तिथल्याच खडकावर फुटले. एप्रिलमध्ये सिडनीचा शिधा माणशी आठवड्याला अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ आणि दोन पौंड डुकराचे मांस इतका खाली आला. वॉटकिन टेंच हा शिपायांचाच कप्तान. त्याने लिहून ठेवले आहे की तांदळाचा दाणा न् दाणा आतल्या किड्यांमुळे हालत असे, आणि तीन-चार वर्षांचे जुने मांस शेकताना गळणारा चरबीचा थेंब वाया जाऊ नये म्हणून लोक तो पावावर झेलत. जेवणाचे आमंत्रण यायचे ते ‘पाव आपापला आणा’ या अटीवर. गव्हर्नरांच्या मेजावरही पाहुणे खिशातून पाव काढून ताटाशेजारी ठेवत. स्वतःजवळचे सुमारे दीडशे किलो पीठ फिलिप यांनी सरकारी कोठारात जमा केले होते.

फिलिप हे संत नव्हते. कोठारातून अन्न चोरल्याबद्दल पहिला फास त्यांनी तांडा लागून पाच आठवडे व्हायच्या आत दिला होता. आणि ज्यांच्या पिढ्या त्या बंदरातल्या मासळीवर जगल्या, त्या गडिगल लोकांच्या पाण्यात आता सरकारी जाळी पडत होती. त्यांच्या वाट्यासाठी कोणत्याही मेजरने लंडनला पत्र लिहिले नाही.

या पुराणात एक प्रकरण आपल्याकडचेही आहे. फिलिप यांनी ‘अटलांटिक’ हे जहाज कलकत्त्याला पाठवले. जून १७९२ मध्ये ते तांदूळ, सूजी आणि डाळ घेऊन परतले. वाटाण्यांवर वाढलेल्या इंग्रजांनी फोडणीचे काय केले असेल ते देव जाणे, पण बंगालच्या कोठारांनी त्यांना हात दिला. त्याच ‘अटलांटिक’मधून डिसेंबरमध्ये फिलिप मायदेशी गेले आणि कारभार मेजर फ्रान्सिस ग्रोस या नव्या पलटणीच्या सेनापतीकडे आला. नाताळच्या सुमारास ‘होप’ नावाचे अमेरिकन जहाज आले. दारू घेतलीत तरच धान्य-मांस देईन, अशी त्याच्या कप्तानाची अट होती. ग्रोस यांनी सुमारे साडेसात हजार गॅलन दारू घेतली. शिपायांचा आणि कैद्यांचा शिधाही वेगळा झाला. फिलिप यांच्या पाच वर्षांच्या कारभारातला सर्वांत न्याय्य हुकूम समान शिध्याचाच होता, आणि त्यांची पाठ फिरताच पहिली कात्री लागली तीही त्यालाच.