पहिल्या तीन सामन्यांचा निवाडा

फुटबॉलच्या साखळी स्पर्धेचा हंगाम सुरू होऊन पुरता महिनाही लोटलेला नसतो, तोच गुणतक्त्यावर बोट ठेवून भविष्य सांगणाऱ्यांची गर्दी होते. वरचे दोन संघ विजेतेपदाचे दावेदार ठरतात, तळचे दोन संघ मोडीत निघतात आणि मधल्यांविषयी कोणी बोलत नाही. शौकिनांच्या तोंडी ही भाकिते असतात तोवर कोणाचे काही बिघडत नाही. पारावरच्या गप्पांना तेवढी मुभा असलीच पाहिजे. परंतु संघांचे मालक, व्यवस्थापक आणि निवड समित्या हाच निवाडा प्रमाण मानून निर्णय घेऊ लागतात, तेव्हा त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती बहुधा निवाडा करणाऱ्याला मोजावी लागत नाही, हेच या प्रश्नाचे मर्म आहे.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर २०१८ चा ऑक्टोबर महिना या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. इंडियन सुपर लीगमध्ये तेव्हा दहा संघ होते आणि त्यांपैकी मुंबई सिटी व पुणे सिटी हे दोन महाराष्ट्राचे. पुण्याने आदल्या हंगामात उपांत्य फेरी गाठली होती. त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. पण दिल्लीशी बरोबरी, मुंबईकडून ०-२ असा पराभव आणि बंगळूरकडून घरच्या मैदानावर ०-३ असा पराभव, असा पहिल्या तीन सामन्यांचा हिशेब झाला. पदरी गुण पडला अवघा एक. चौथा सामना होण्यापूर्वीच प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना निरोप देण्यात आला. त्याच महिन्यात मुंबईची स्थिती फारशी निराळी नव्हती. जमशेदपूरकडून घरच्या मैदानावर ०-२ अशी हार, केरळशी बरोबरी, पुण्यावर विजय आणि त्यानंतर गोव्यात ०-५ असा धुव्वा. चार सामन्यांत चार गुण मिळवणाऱ्या या संघाविषयीही तेव्हा बरे बोलणारा विरळाच. तथापि मुंबईने प्रशिक्षक जोर्ज कोस्टा यांना हात लावला नाही. हंगामाअखेर मुंबई तिसऱ्या क्रमांकावर राहून उपांत्य फेरीत पोचली. पुणे सातव्या क्रमांकावर राहिले.

एवढ्या एका जोडीवरून सिद्धांत मांडणे म्हणजे ज्या घाईवर टीका करावयाची तीच घाई पुन्हा करणे होय. पुण्याचे दुखणे अधिक खोल होते. २०१४ ते २०१९ या काळातील पाच हंगामांत त्या संघाने सहा पूर्णवेळ प्रशिक्षक पाहिले, आणि २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो बंदच पडला. प्रशिक्षक बदलला म्हणून संघ बुडाला, असे कोणी म्हणू नये. मात्र तीन सामन्यांचा पुरावा एवढा मोठा निर्णय पेलण्याइतका भक्कम असतो काय, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एखाद्या संघाची दर सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी आहे असे धरू. हा उत्तम संघ झाला. तरीही पहिल्या तीन सामन्यांत त्याला एकही विजय न मिळण्याची शक्यता आठांत एक इतकी असते. मध्यम कुवतीच्या संघाच्या बाबतीत ती याहून पुष्कळ अधिक. म्हणजे दहा संघांच्या साखळीत एखाददुसरा बरा संघ आरंभी रिकाम्या हाताने राहणे हा अपवाद नव्हे, रीतच आहे. त्यातून फुटबॉल हा कमी गोलांचा खेळ. कबड्डीच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण होतात. एखादी चढाई फसली तरी उरलेल्या खेळात ती भरून निघते. फुटबॉलमध्ये साऱ्या सामन्याचा निकाल दोन-तीन गोलांवर लागतो. पंचांचा एक निर्णय, खांबाला लागून परतलेला एक चेंडू किंवा एक लाल कार्ड तेथे तिन्ही गुण इकडचे तिकडे करू शकते.

शिल्लक आणि कमाई

अर्थशास्त्रात शिल्लक आणि उत्पन्न या दोन गोष्टींत काटेकोर भेद करतात. एखाद्याच्या खात्यात आज किती पैसे आहेत, ही एक बाब. त्याची महिन्याची कमाई किती, ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधणारा सावकार लवकरच बुडतो. गुणतक्ता ही संघाची शिल्लक आहे. ती खरी असते, पुढे मोजलीही जाते आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु हंगामाच्या आरंभी ती संघाच्या कमाईच्या ताकदीविषयी फार थोडे सांगते.

मुंबई सिटीचे पुढचे तीन हंगाम पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. २०२०-२१ च्या हंगामात सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखालील या संघाने पहिलाच सामना नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ असा गमावला. तक्त्यात तो पराभवच होता. पण गोल पेनल्टीवर झालेला होता आणि मध्यंतरापूर्वीच अहमद जाहू यांना लाल कार्ड मिळाल्याने मुंबईचे दहाच खेळाडू मैदानात उरले होते, हे तक्ता सांगत नाही. त्याच संघाने त्या हंगामात लीग विनर्स शील्ड आणि अंतिम विजेतेपद ही दोन्ही मिळवली. पुढच्या वर्षी नेमके उलट घडले. डेस बकिंगहॅम हे नवे प्रशिक्षक आले. पहिल्या सहा सामन्यांत पाच विजय, पंधरा गुण आणि मोहन बागानवर ५-१ अशी मात, असा झोकात आरंभ झाला. त्या डिसेंबरात मुंबईखेरीज दुसऱ्या विजेत्याचे नाव घेण्यास कोणी धजत नव्हते. उरलेल्या चौदा सामन्यांत मात्र या संघाने फक्त सोळा गुण मिळवले आणि पाचव्या क्रमांकावर राहून तो बाद फेरीलाही मुकला. त्यानंतरही बकिंगहॅम यांना ठेवण्यात आले. २०२२-२३ मध्ये हाच संघ सलग अठरा सामने अपराजित राहिला आणि ४६ गुणांसह शील्डचा मानकरी ठरला. वाईट आरंभाने विजेता झाकला गेला. उत्तम आरंभाने मध्यम हंगाम झाकला गेला. दोन्ही वेळा फसवणूक तक्त्याने केली नव्हती, ती तो वाचणाऱ्याने स्वतःचीच केली होती.

दुबार पेरणीचा खर्च

हा धडा शिकण्यासाठी युरोपातील मोठ्या क्लबांकडे जाण्याची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात उंद्री नावाचे गाव आहे. तेथील कोरडवाहू शेतकऱ्याला मृगाच्या पहिल्या सरीची किंमत पुरती ठाऊक असते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्यामागचे तत्त्व एवढेच की, एका सरीवरून हंगाम ओळखता येत नाही. पहिल्या पावसाला भुलून सोयाबीन पेरले आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी नशिबी येते. बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा घालावी लागते, आणि गेलेले दिवस तर कशानेच परत येत नाहीत. म्हणून जाणता शेतकरी आभाळाकडे पाहतो तसा ढेकूळ फोडून ओल किती खोल गेली तेही पाहतो.

हंगामाच्या तोंडावर प्रशिक्षक बदलणे ही फुटबॉलमधली दुबार पेरणी होय. जुन्याची भरपाई द्यावी लागते, नव्याचे मानधन ठरवावे लागते आणि एका पद्धतीच्या खेळासाठी निवडलेले खेळाडू दुसऱ्या पद्धतीत बसवावे लागतात. शिवाय त्यातून पीक हमखास येते असेही नाही. बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्समधील अव्वल साखळीच्या १९८६ ते २००४ या काळातील नोंदी तपासून २०११ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रशिक्षकाला काढल्यानंतर संघांची कामगिरी सुधारली, हे त्यांना आढळले. पण तशाच घसरणीतून जात असूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, त्या संघांची कामगिरीही तेवढीच सुधारली होती. प्रशिक्षकाला काढतात तेच मुळी संघ तळाला गेल्यावर, आणि तळाहून पुढची वाट बहुधा वरच जाते. ताप उतरायच्या दिवशी जो अंगारा लावतो, त्याचे नाव होते.

यावर कोणी म्हणेल की, धीराचा उपदेश करणे सोपे आहे. पण हंगाम आखूड असेल तर वाट पाहायला वेळ आहे कोठे? हा आक्षेप रास्त आहे. अनिश्चिततेत सापडून लांबलेला इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाला, तो चौदा संघांनी एकमेकांशी एकदाच खेळावे अशा बेताने. प्रत्येकाच्या वाट्याला तेरा सामने. अशा साखळीत तीन सामने म्हणजे जवळजवळ पाव हंगाम. तेथे गमावलेला गुण खचितच महाग पडतो. परंतु गुण महाग झाला म्हणून पुरावा बळकट होत नाही. हंगाम तेरा सामन्यांचा असो वा तीस, तीन सामने संघाच्या कुवतीविषयी जेवढे सांगतात तेवढेच सांगतात. उलट सर्वांशी एकदाच गाठ पडावयाची असेल, तर पहिले तीन प्रतिस्पर्धी बलाढ्य होते की दुबळे, सामने घरी झाले की परक्या मैदानावर, हे अधिकच बारकाईने पाहावे लागते.

मग आरंभी संघांची पारख करूच नये काय? अवश्य करावी, पण निकालांपेक्षा कारणांकडे पाहून. गोल झाला की नाही यापेक्षा गोलाच्या संधी किती निर्माण झाल्या आणि किती दिल्या, हे अधिक बोलके असते. कारण संधी संख्येने अधिक असतात आणि त्यांत नशिबाचा वाटा कमी असतो. जखमी वा निलंबित खेळाडू कोण, नव्या खेळाडूंना एकत्र सराव किती मिळाला, शेवटच्या वीस मिनिटांत संघ दमतो काय, खेळाडूंचे पगार वेळेवर होतात काय, हे विचारावे. या कसोट्यांवर संघ पोखरलेला दिसला, तर तीन विजयांनंतरही सावध व्हावे. तो सुदृढ दिसला, तर तीन पराभवांनंतरही थांबावे. जुना पुरावाही टाकून देऊ नये. २०२२ च्या विश्वचषकात अर्जेंटिना पहिलाच सामना सौदी अरेबियाकडून हरला, तेव्हा त्यापूर्वीचे सलग ३६ अपराजित सामने बहुतेकांच्या विस्मृतीत गेले. महिन्याभरात तोच संघ जगज्जेता झाला.

एक सामना, एक संधी

या साऱ्याचा खरा संबंध कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या क्लबांपेक्षा लहान गावांतील मुलांशी अधिक आहे. क्लबचा निवाडा चुकला तर मालकाचे पैसे जातात, आणि काढून टाकलेल्या नामांकित प्रशिक्षकाला बहुधा दुसरीकडे काम मिळते. उंद्रीसारख्या गावातील शाळेचा संघ तालुक्याला खेळायला जातो तेव्हा काय होते? शालेय स्पर्धा सर्वसाधारणपणे बाद पद्धतीच्या. पहिला सामना हरला की संघ परतीच्या एस.टी.त बसतो आणि त्या मुलांचा हंगाम तेथेच संपतो. बाद होणाऱ्या संघातही एखादा पाणीदार खेळाडू असू शकतो. त्याची गुणवत्ता जोखण्यास निवड समितीजवळ पुरावा असतो तो एका दुपारचा. मोठ्या क्लबने तीन सामन्यांत निकाल लावला तर आपण त्याला उतावळा म्हणतो. येथे एकाच सामन्यात लागतो आणि त्याला नियम म्हणतात.

कोल्हापुरात फुटबॉल रुजला त्याची कारणे अनेक आहेत. राजाश्रय हे एक, पेठापेठांतील तालमींचा अभिमान हे दुसरे. पण पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ वरिष्ठ गटाच्या साखळीत सामन्यामागून सामने खेळतात, हेही एक कारण आहे. आज चुकलेल्या मुलाला तेथे पुढच्या सामन्यात चूक सुधारता येते आणि त्याला पारखणाऱ्यालाही आपले मत सुधारता येते. विदर्भातील तालुक्यांत असे मैदानी वैभव एका रात्रीत उभे राहणार नाही. तरी सहा-आठ शाळांची छोटी साखळी, दर शनिवारी एक सामना, एवढी योजना तालुक्याच्या आवाक्याबाहेरची नाही. त्यासाठी क्रीडांगण लागेल, पंच लागतील, प्रवासाला थोडा पैसा लागेल. बाद पद्धतीपेक्षा खर्च निश्चित वाढेल. मात्र बाद पद्धत स्वस्त दिसते ती तिच्यात वाया जाणारी गुणवत्ता कोणत्याच हिशेबात मांडली जात नाही म्हणून.

संघ मुंबईचा असो वा एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा, त्याला पुरेसे सामने खेळू दिल्यावाचून त्याची कुवत कळत नाही. गुणतक्ता पहिल्या दिवसापासून वाचावा, त्यावर वादही घालावेत. निवाड्याची सही मात्र पुरावा हाती आल्यावरच करावी.